जिभाऊंना पुन्हा लागलेला चकवा

दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो पाठीवरच्या पिशवीत एक डबा घेऊन. डोळ्यांवर बांधायचा, पाणबुड्याच्या चष्म्यासारखा. आमच्या चोपडा तालुक्यातल्या घरात त्याने पुढच्या खोलीतली खाट अन् खुर्च्या बाहेर काढल्या, दहा बाय बाराची जागा मोकळी केली आणि तो डबा जिभाऊंच्या डोक्यावर चढवला. जिभाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, पुतण्याचे वडील. वय बासष्ट, चार एकर केळी. रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन एकटे मळ्यात जाणार आणि मोटर लावणार. वाटेत बिबट्याचे ठसे दिसले तरी घरी सांगताना "कुत्रं असंल" म्हणणारा माणूस.

डबा चढल्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि विचारलं, "मना पाय कोठे गयात रे?"

पोरं हसली. जिभाऊ दोन पावलं चालले, वळले, पुन्हा चालले. चौथ्या मिनिटाला डबा काढून ओट्यावर जाऊन बसले. कपाळावर घाम. वहिनींनी पाणी आणलं तरी बोलेनात.

गंमत अशी की डब्यातलं चित्र टीव्हीवरही दिसत होतं आणि आम्ही सगळे ते बघत होतो. भूत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. जुन्या वाड्यातला एक बोळ, पिवळा दिवा, पाच दारं. जिभाऊ एका दारातून जात आणि फिरून त्याच बोळात येत. मला तर जांभई आली होती. पुतण्या म्हणाला, हा खेळ मी आणि माझे दोन मित्र मिळून बनवतोय. इंडी, सररियल, व्हीआर, हॉरर. चारांतला एकही शब्द वहिनींना कळला नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: "भूत तर दिसलंच नाही, मग हे घाबरले कशाला?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. खेळ खेळत नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना, म्हणून गेले दोन महिने त्या चार शब्दांच्या मागे लागलो होतो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

## डब्यात आहे तरी काय?

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, आभासी वास्तव. नाव भारदस्त आहे, युक्ती जुनी आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. दोरा सुईच्या अलीकडून जातोय की पलीकडून, कळत नाही. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू वस्तू किती लांब आहे ते ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दाखवून दिलं की दोन डोळ्यांना दोन वेगळी सपाट चित्रं दाखवली तर मेंदू त्यांतून एकच खोल चित्र उभं करतो. लहानपणी चकती घालून खटका दाबत चित्रं बघायचा दुर्बिणीसारखा खेळ आठवतो का? त्याच्या पोटात हेच होतं.

डब्याने त्यात भर घातली ती मानेची. थ्रीडी सिनेमालाही खोली असते, पण सिनेमाला तुमच्या मानेशी घेणंदेणं नसतं. तुम्ही मागे वळून पाहिलंत तर मागच्या रांगेतला माणूस दिसतो, पिक्चरमधलं जंगल दिसत नाही. डब्याला मात्र तुमचं डोकं कुठे आहे, किती वळलं, किती वाकलं हे सतत कळत असतं आणि तो त्या क्षणी, त्या कोनातून जे दिसायला हवं ते चित्र काढतो. साधारण सेकंदाला ९० वेळा, दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं. म्हणजे एका फेरीला जेमतेम ११ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). मान हलल्यावर चित्र हलायला २० मिलिसेकंदांपेक्षा फार उशीर झाला की मेंदूला लबाडीचा वास येतो.

१९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी असं यंत्र बनवलं तेव्हा ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागलं. पुढे मोबाइलमुळे बारीक पडदे आणि हालचाल ओळखणारे सेन्सर स्वस्त झाले. २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने लोकवर्गणीतून 'ऑक्युलस रिफ्ट' उभं केलं, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली आणि २०१६ पासून हे डबे घराघरांत विकले जाऊ लागले.

आणि जिभाऊंचे पाय? डब्याला डोक्याचा ठावठिकाणा असतो, हातात धरायच्या दोन मुठींचा असतो. पायांचा बहुधा नसतो. चुकीचे पाय काढण्यापेक्षा न काढलेले बरे, म्हणून पुष्कळ खेळ पाय दाखवतच नाहीत. बासष्ट वर्षं ज्या पायांवर उभं राहिलो ते खाली पाहिल्यावर नसणं, ही भीतीची सुरुवात म्हणून काही वाईट नाही.

## खोटं आहे हे ठाऊक असून घाम का?

भुसावळ जंक्शनवर गाडीत बसलेले असताना शेजारच्या रुळावरची गाडी सुटते. क्षणभर वाटतं आपलीच निघाली. मग पलीकडचा चहावाला आहे तिथेच दिसतो आणि हसू येतं. त्या क्षणात तुम्हाला कुणी फसवलं नव्हतं, तुम्ही अडाणीही नव्हता. डोळ्यांसमोरचं बरंचसं दृश्य एका दिशेला सरकलं की मेंदू 'मी हललो' असा निकाल आधी देतो आणि विचार मागून येतो. डब्यात तर डोळ्यांसमोरचं सगळंच दृश्य ताब्यात असतं, आणि खरं काय ते सांगायला तिथे चहावाला नसतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात (चॅपल हिल) एक प्रयोग झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना डबा घालून एका आभासी खोलीत नेलं. दार उघडलं की पुढे जमीनच नाही. वीस फूट खाली दुसरी खोली, आणि खड्ड्याच्या कडेने चालायला अरुंद पट्टी. सगळ्यांना ठाऊक होतं की आपण प्रयोगशाळेच्या सपाट फरशीवर आहोत. तरी नाडी वाढली. मग प्रयोग करणाऱ्यांनी खऱ्या फरशीवर फक्त दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली, म्हणजे चवड्याला कड लागावी. नाडी आणखी वाढली. दीड इंचाने वीस फूट खरे करून टाकले! मळ्यातल्या बिनकठड्याच्या विहिरीत वाकून पाहताना पोटात जो गोळा येतो, तोच गोळा शहरातल्या फरशीवर.

मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये याची नीट उकल केली. त्यांच्या मते डब्यातला भास एक नसून दोन आहेत. पहिला, 'मी तिथे आहे' असं वाटणं. दुसरा, 'जे घडतंय ते खरंच घडतंय' असं वाटणं. पहिला भास शरीराचा आहे. मान वळवली, दृश्य वळलं, की तो आपोआप तयार होतो. दुसरा त्या जगाच्या वागण्यावर अवलंबून असतो. या दोहोंत फट पाडता येते, आणि पुतण्याच्या खेळाचा सगळा धंदा त्या फटीत चालतो.

## सररियल म्हणजे नुसतं विचित्र नव्हे

स्वप्नात तुम्ही आपल्याच घरात असता. माजघर तेच, चूल तीच. मागचं दार उघडता तर बाहेर अमळनेरचा एसटी स्टँड. तुम्हाला नवल वाटत नाही, तुम्ही गाडीची चौकशी करायला लागता. सररियल, मराठीत अतिवास्तव, म्हणजे हे. वस्तू ओळखीच्या, त्यांना जोडणारे नियम भलतेच. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों याने या नावाची कलाचळवळच जाहीर केली होती. स्वप्न आणि जाग यांच्यातली भिंत पाडायची, असा तिचा हेका होता.

खेळांच्या जगात ही वाट जपानमधून आली असं म्हणायला हरकत नाही. १९९८ मध्ये तिथे 'एलएसडी: ड्रीम इम्युलेटर' नावाचा खेळ निघाला, कंपनीतल्याच एका बाईंनी दहा वर्षं लिहिलेल्या स्वप्नांच्या वहीवर बेतलेला. त्यात जिंकायचं काही नाही. फिरायचं, एखाद्या वस्तूला धडकलात की दुसऱ्याच जागी जाऊन पडता. २००४ मध्ये किकियामा असं टोपणनाव घेणाऱ्या एका निर्मात्याने 'युमे निक्की' म्हणजे स्वप्नांची डायरी हा खेळ फुकट वाटला. २०१४ मध्ये 'पी.टी.' हा छोटासा नमुना-खेळ आला. काटकोनात वळणारा एक बोळ, शेवटी दार, दारातून गेलं की तोच बोळ, फक्त दर फेरीला काहीतरी किंचित बदललेलं. पुढच्याच वर्षी कंपनीने तो काढून घेतला, पण तोवर जगभरच्या लहान निर्मात्यांनी तो बोळ गिरवायला घेतला होता. पुतण्याचा वाडाही त्याचाच दूरचा नातेवाईक, हे त्याने स्वतः कबूल केलं.

यातला एकही खेळ डब्यासाठी बनलेला नव्हता. पडद्यावर बोळ फिरून येतो तेव्हा तुम्ही म्हणता, 'अच्छा, खेळ असा आहे.' डब्यात बोळ फिरून येतो तेव्हा तुम्ही स्वतःच्या पायांनी चाललेले असता.

## शब्द जिभाऊंनीच दिला

त्या रात्री ओट्यावर बऱ्याच वेळाने जिभाऊ बोलले. म्हणाले, मळ्यात झालं होतं तसं झालं.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री दीडची लाईट, बॅटरीचा सेल उतरलेला, आणि ते ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला केळीत शिरले. ज्यांनी उभ्या केळीत रात्र पाहिली नाही त्यांना सांगतो: पाच बाय पाच फुटांवर झाडं, डोक्यावर पानांचं छप्पर, आभाळ दिसत नाही, प्रत्येक ओळ दुसरीसारखी. व्हॉल्व्ह फिरवून ते सरळ बांधाकडे निघाले आणि व्हॉल्व्हपाशीच परत आले. पुन्हा निघाले, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा आल्यावर खाली बसले आणि फटफटेपर्यंत उठले नाहीत. घरी म्हणाले, चकवा लागला.

चकव्याला तोंड नाही, पाय उलटे नाहीत, तो काही मागत नाही. आपल्याकडच्या सगळ्या भुतांत मला तोच सर्वांत भारी वाटतो, कारण तो माणसाला हात लावत नाही, जागेला लावतो. वाट तुमचीच, मळा तुमचाच, फक्त सरळ जाणं सरळ राहत नाही.

आता विज्ञान ऐका. २००९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांची वाट टिपली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर बहुतेक जण बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले की जंगलातले लोक गोल फिरू लागले. आपलीच वाट आपण पुन्हा ओलांडली हेही त्यांना कळलं नाही. डोळे बांधल्यावर तर काहींचं रिंगण वीस मीटरपेक्षाही लहान झालं. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, ही जुनी समजूतही त्यांनी तपासली. तसं काही निघालं नाही. सरळ म्हणजे कुठे, याचा मेंदूतला अंदाज दर पावलाला थोडाथोडा चुकतो आणि बाहेरची खूण नसली की तो चुका साठवत जातो. जिभाऊंच्या केळीत आभाळ नव्हतं.

मेंदूची ही उणीव डब्यात मुद्दाम वापरता येते. २००१ पासून संशोधक असं करत आले आहेत: तुम्ही चालत असताना दृश्य न कळेल इतकं हळूहळू वळवायचं. तुम्ही ते सावरायला शरीर वळवता आणि आपण सरळ चाललो असं समजता, प्रत्यक्षात गोल फिरत असता. २०१० च्या एका प्रयोगानुसार त्या वर्तुळाची त्रिज्या २२ मीटरपेक्षा मोठी असली तर माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे संगणकाने लावलेला चकवा. फक्त त्याला खळ्यापेक्षा मोठं मैदान हवं.

घरातल्या दहा बाय बारात दुसरी युक्ती चालते. तुम्ही टेबलावरची चिठ्ठी वाचायला वळता, तेवढ्यात तुमच्या पाठीमागचं दार गुपचूप शेजारच्या भिंतीत हलवलं जातं. तुम्ही 'आलो त्याच दाराने' बाहेर पडता, पण बोळ भलतीकडे जातो. २०११ मध्ये इव्हान सुमा आणि सहकाऱ्यांनी हे ७७ जणांवर करून पाहिलं. दार हललं हे नक्की ओळखणारा त्यांत एक निघाला. पुढच्या वर्षी त्यांनी दोन खोल्या एकमेकींत घुसवल्या, म्हणजे एकीची जागा दुसरीनेही वापरायची, खऱ्या घरात जे अशक्य. लहान खोल्या ५६ टक्क्यांपर्यंत एकमेकींत घुसल्या तरी लोकांना शंका आली नाही.

हे आधी भुतांसाठी केलेलंच नव्हतं. लहान जागेत मोठं जग फिरता यावं, म्हणून केलं होतं. भयखेळ बनवणाऱ्यांनी ते उचललं आणि त्यात एक छोटी लबाडी केली: युक्ती पूर्ण लपवायची नाही, किंचित उघडी ठेवायची. शरीर म्हणत राहतं 'मी इथे आहे', आणि जागा म्हणत राहते 'इथे असं काही नसतं'. स्लेटर यांचे दोन भास एकमेकांविरुद्ध उभे राहतात. टीव्हीसमोर बसलेल्या आम्हाला पहिला भासच नव्हता, म्हणून जांभया. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे.

कानाचंही काम मोठं असतं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरा पोहोचतो आणि तेवढ्यावरून आपण दिशा सांगतो. अंधारात पाणी कुठल्या सरीत पडतंय हे ऐकून ओळखणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. डबा तोच फरक हिशोबाने तयार करतो. पुतण्याच्या बोळात मागून कुणीतरी भांडं घासत असतं. मागे वळलं की आवाज पुन्हा मागे.

## इंडी कशाला म्हणायचं?

इंडिपेंडंटचं लाडाचं रूप. मोठ्या कंपनीचा पैसा आणि हुकूम नसलेल्या एकट्या-दुकट्याने किंवा लहान चमूने केलेला खेळ. आपल्याकडे ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, असतात ना, तसं समजा. गच्चीवर बायका घालतात, चव ठाऊक असलेलेच मागतात, आणि सगळ्या देशाला आवडेल असं काही करायची सक्ती नसल्यामुळे ती चव टिकून राहते. मोठ्या कंपनीला कोट्यवधी लोकांना पटेल असा खेळ हवा असतो. 'पाच दारं, एक बोळ, शत्रू नाही, बंदूक नाही' असं घेऊन गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही.

स्पेनच्या सर्जिओ इदाल्गो याने २०१३ मध्ये एका स्पर्धेसाठी 'ड्रेडहॉल्स' हा डब्याचा भयखेळ सुरू केला. अंधारं तळघर, हातात कंदील, हत्यार नाही, आणि दर वेळी नवी मांडणी, त्यामुळे वाट पाठ करता येत नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधून आलेला 'फॅस्मोफोबिया' सुरुवातीला एकाच माणसाने घडवला होता. डबा घालूनही खेळता येणाऱ्या या खेळातलं भूत तुमचा मायक्रोफोन ऐकतं. तुम्ही घाबरून हाक मारली की त्याला कळतं. तो जगभर गाजला.

एकट्या माणसाला अतिवास्तवच का परवडतं, यामागे कलेइतकंच गणित आहे. सेकंदाला ९० वेळा दोन-दोन चित्रं काढायची म्हटल्यावर डब्याचा प्रोसेसर घामाघूम होतो. हुबेहूब माणसं, पानं, कापड काढायला शंभर कारागीर आणि ताकदीचं यंत्र लागतं. स्वप्नाला हे लागत नाही. स्वप्नातली भिंत सपाट असली तरी चालतं. आणि माणसाचं चित्र अर्धवट जमलं तर? मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्ये लिहून ठेवलं आहे की बाहुली माणसासारखी होत जाते तशी ती आवडत जाते, पण अगदी जवळ येऊन थोडक्यात हुकली की एकदम अंगावर काटा येतो. इतर खेळांना हे संकट वाटतं. भयखेळाला ते फुकटचं भांडवल. गावोगावच्या भोवाड्यात मुखवटा घालून सोंग नाचतं तेव्हा लहान पोर आईच्या मांडीत तोंड लपवतं, ते मुखवटा फार हुबेहूब असतो म्हणून नव्हे.

साधनं आज फुकट मिळतात. युनिटी किंवा अनरिअल ही खेळ बांधायची सॉफ्टवेअरं शिकणाऱ्याला विनामूल्य आहेत, खेळातल्या वस्तू घडवायला ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर आहे. स्टीम या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात खेळ मांडायला एका खेळामागे १०० डॉलर लागतात. खरा घोळ पुढे आहे. त्याच दुकानाच्या नियमानुसार घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो. चांगला भयखेळ दीड तासात संपतो, संपायलाच हवा. माणूस तो पूर्ण खेळतो, घाबरतो, आणि पैसे परत मागतो! २०२१ मध्ये एका एकट्या निर्मात्याने याच कारणाने खेळ बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. नियम गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे आणि तो असावाच, पण पोटभर जेवून 'ताट परत घ्या' म्हणणाऱ्याला काय म्हणावं!

## चक्कर येते त्याचं काय?

येते, आणि तिचा भीतीशी संबंध नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना एसटीत मोबाइल वाचा. डोळे सांगतात 'मी स्थिर आहे', कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतलं पाणी सांगतं 'आपण वळतोय'. भांडण पोटावर निघतं. फुगडी थांबल्यावर घर फिरतं ते त्याच पाण्यामुळे; पाय थांबले तरी ते थांबलेलं नसतं. डब्यात हे उलटं होतं. अंगठ्याने खटका दाबून खेळातलं शरीर पुढे सरकतं, डोळे म्हणतात 'चाललो', कान म्हणतात 'कुठे?' म्हणूनच पुतण्याने खऱ्या पायांनी चालायचा खेळ केला. तरीही पहिल्यांदा पाच मिनिटांवर जाऊ नका, मळमळ सुरू झाली की 'थोडं सोसू' म्हणू नका, आणि शेजारी एक माणूस उभा ठेवा. दिव्यांच्या उघडझापीने फिट येणाऱ्यांनी तर या वाटेलाच जाऊ नये. डब्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा असतो, तो कुणी वाचत नाही.

## लहान पोरांना द्यावा का?

हा खेळ? नाही. इथे मी मधलं उत्तर देणार नाही. डबा बनवणाऱ्या कंपन्यांच्याच वयाच्या अटी आहेत: मेटाच्या (म्हणजे पूर्वीच्या फेसबुकच्या) क्वेस्ट या डब्यासाठी किमान दहा वर्षं, आणि तेरापर्यंत आईवडिलांच्या देखरेखीचं खातं, सोनीच्या डब्यासाठी बारा. ही झाली डब्याची अट. भयखेळावर वेगळा वयाचा शिक्का असतो, अनेकदा सोळा किंवा अठरा. टीव्हीवर भूत आलं की पोर डोळे झाकून पळतं. डब्यात डोळे झाकता येतात, पळता येत नाही, आणि डबा काढता येतो हे घाबरलेल्या पोराला सुचत नाही. जिभाऊंनाही चार मिनिटं सुचलं नव्हतं.

## अंधश्रद्धा वाढणार नाही का?

हा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीत आला, आणि यायलाच हवा. भूत आहे असं सांगून पैसे काढणं वेगळं; त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. भीतीचा खेळ 'हे खरं आहे' असा दावा करत नाही. उलट माझा अनुभव असा की नववीच्या वर्गात चकवा, साउमन यांचा प्रयोग आणि हललेलं दार एकत्र सांगितल्यावर पोरांनी स्वतःहून ठरवलं आणि पटांगणात डोळे बांधून सरळ चालून पाहिलं. पंचवीस पावलांत निम्मे वाकडे गेले. एक थेट पाण्याच्या टाकीवर.

## पण मुळात घाबरायची हौस कशाला?

पाणी भरायच्या रात्री बांधावर शेकोटी करून भुताच्या गोष्टी कोण सांगतं? ज्यांना अजून अर्धा मळा अंधारात फिरायचा असतो तेच. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी भीतीघरात, म्हणजे माणसांना हौसेने घाबरवून घ्यायला उभारलेल्या घरात, जाणाऱ्या ११० जणांच्या नाडीची नोंद केली. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. अगदी कमी घाबरलेल्यांना मजा आली नाही, फार घाबरलेल्यांनाही नाही. मधे कुठेतरी गोडी होती. तिखटाचं जे गणित शेवभाजीत चालतं तेच. फक्त आपलं 'मधे' कुठे आहे ते प्रत्येकाचं वेगळं, आणि डबा ते एक-दोन पायऱ्या वर सरकवतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. पुतण्याने दाखवलेल्या बहुतेक भयखेळांत तीच पाश्चात्त्य हवेली, तेच ओसाड इस्पितळ. आपल्याकडे रात्रीची केळी आहे. एरंडोलजवळ फरकांड्याचे झुलते मनोरे आहेत; एक हलवला की दुसरा हलायचा, त्यांतला एक आता पडलेला. दुपारी पंचेचाळीस अंशांत ओस पडलेली गल्ली आहे, जिथे भीतीला अंधारही लागत नाही. हे मी पुतण्याला बोललो. तो म्हणाला, "काका, केळीची पानं काढायला जड जातात. प्रोसेसर मरतो."

## संक्रांतीची रात्र

पुतण्या संक्रांतीला पुन्हा आला. मळ्यात भरीत झालं, कळण्याच्या भाकरी झाल्या, आणि घरी आल्यावर जिभाऊंनी स्वतःच डबा मागितला. वहिनी नको म्हणत होत्या.

टीव्हीवर तोच बोळ, तोच पिवळा दिवा, मागून भांड्याचा आवाज. जिभाऊ एका दारातून गेले, बोळात आले. दुसऱ्या दारातून गेले, बोळात आले. तिसऱ्यांदा बोळ आला तेव्हा ते थांबले. टीव्हीवरचं दृश्य एकदम खाली गेलं. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते.

आम्ही वाट पाहिली. काही होईना. दार हलवायला माणूस वळायला लागतो, वाट वाकवायला चालायला लागतो, आणि बसलेल्या माणसाचं करायचं काय हे त्या खेळाला कुणी शिकवलंच नव्हतं. भांडं घासल्याचा आवाजसुद्धा दोनदा येऊन थांबला. जिभाऊंनी एक हात बाहेर काढून तंबाखू मागितली.

"आबा, उठा ना," पुतण्या म्हणाला. "पुढे जायचंय."

"आते सकाय व्हवानी वाट दखस," जिभाऊ म्हणाले. आता सकाळ व्हायची वाट पाहतो.

पुतण्या जरा वेळ टीव्हीकडे बघत राहिला. मग ओट्यावर जाऊन त्याने मित्राला फोन लावला. आतपर्यंत ऐकू आलं: "अरे, ऐक ना. आपल्या खेळात सकाळच नाहीये."